नाथुकाकांची माती आणि माझी बरणी

लग्नात कुणी नवीन ओळखीचं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, तुम्ही कुठे होता कामाला? सुरतेतल्या बाईने एक तर साड्यांना टिकल्या लावल्या असतील, नाहीतर कुठल्या शाळेत शिकवलं असेल, असं लोक धरूनच चालतात. मी सांगते, मातीचा श्वास मोजायचे. मग समोरची बाई एकदा माझ्याकडे बघते, एकदा माझ्या ताटाकडे बघते आणि श्रीखंड छान झालंय म्हणते. माझं काही बिघडत नाही. सव्वीस वर्षं कडोदऱ्याच्या एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली शेवटची दहा-बारा या श्वासाच्या कामावर, आणि इतक्या वर्षांत हे काम एका दमात समजलेला माणूस मला भेटलेला नाही.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, सुमनताई, कामाला कधी लागलात, बढती कधी मिळाली, असं सगळं ओळीने लिहा. अहो, बढती मिळाली ती निवृत्तीच्या आदल्या वर्षी. त्यावर काय डोंबल लिहू? त्यापेक्षा एका शेताची माती आणि माझी एक चूक, एवढंच सांगते. चूक माझी आहे म्हणून कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही.

आधी काम काय ते सांगते. शेतकरी शेतातून किलोभर माती आणतो. ती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीने फोडायची, चाळायची आणि मग तिच्यात आम्ल किती, क्षार किती, स्फुरद-पालाश किती ते काढायचं. हे बहुतेक ठिकाणी होतं. आमच्याकडे कृषी महाविद्यालयातून नवे साहेब आले, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, आणि त्यांनी काचेच्या झाकणबंद बरण्यांचं खोकं आणलं. म्हणाले, सुमनबेन, आपण आता माती जिवंत किती आहे तेही सांगायचं. माझ्या मनात आलं, घ्या, आता मातीची नाडी धरायची राहिली होती.

पण गंमत आहे हो त्यात. चमचाभर चांगल्या मातीत साऱ्या सुरतेपेक्षा जास्त वस्ती असते. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि बुरशीचे धागे. गळलेली पानं, कुजलेली मुळं, शेण, हे सगळं ते खातात आणि खाऊन जे मागे टाकतात तेच पिकाचं जेवण. पीक काही पान चावून खात नाही, त्याला हे आयतं लागतं. आता खाणारा जीव श्वास सोडणारच. म्हणून बरणीत माती ठेवायची, तिच्याशेजारी वाटीत गुलाबी रंगाचं एक औषधी पाणी ठेवायचं आणि झाकण घट्ट लावायचं. मातीतल्या जिवांनी सोडलेला वायू ते पाणी पितं आणि फिकं पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग जितका उडालेला, तितकी माती जिवंत. एवढंच शास्त्र.

या जिवांचं सगळं भांडण पाण्याशी आहे. मातीच्या कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्यातूनच ते हिंडतात आणि त्यातूनच त्यांचं खाणं त्यांच्यापर्यंत येतं. पापुद्रा सुकला की बिचारे जागच्या जागी झोपतात. आणि पाणी इतकं झालं की मातीतली सगळी भोकं भरून गेली, तर हवा बंद, जीव गुदमरतो. निम्म्याहून थोडी जास्त भोकं पाण्याने भरलेली आणि बाकीची हवेला मोकळी, हे त्यांचं सुख. आपण त्याला वाफसा म्हणतो, गुजराती शेतकरी वराप म्हणतात. साहेबांनी मला हे फळ्यावर आलेख काढून शिकवलं. आलेख काही माझ्या डोक्यात शिरला नाही. घरी आले तर माय बाजरीचं पीठ मळत होती. आमचं घर बमरोलीत, वडील लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, आणि मूळ गाव धुळ्याकडचं. सुरतेत पन्नास वर्षं काढून मायने अहिराणी सोडली नाही. लहानपणी मला भाकरी थापता येईना तेव्हा ती म्हणायची, ‘‘पीठमा पानी बेतनं टाक, मंग भाकर तुनं आयकस.’’ पाणी बेताचं पडलं की भाकर आपलं ऐकते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा, ती बेताची ओल. मातीचंही अगदी तेच. साहेबांचा आलेख मला मायच्या परातीत सापडला.

गिऱ्हाइकं तर काय एकेक यायची. एक गृहस्थ नव्या बंगल्याच्या पायाची माती घेऊन आले आणि म्हणाले, यात आधी कुणाचं वाईट झालंय का ते बघा. मी म्हटलं, त्याचं यंत्र अजून आलेलं नाही. अडाजणच्या एक बेन आठवड्याला एक कुंडी घेऊन यायच्या. त्यांच्या सगळ्या तुळशी मरायच्या. औषध घातलं, खत घातलं, कुणाची दृष्ट लागली म्हणून मिरच्याही ओवाळल्या. कुंडीत बोट घातलं तर मनगटापर्यंत चिखल. पाणी किती वेळा घालता विचारलं तर म्हणाल्या, सकाळी पूजेचं, दुपारी कोमेजते म्हणून, संध्याकाळी दिवा लावताना. मी म्हटलं, बेन, देवाला पाणी घाला, तुळशीला एक दिवसाआड. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण दोन महिन्यांनी मंजिऱ्यांची पुडी आणून दिली.

आता माझ्या चुकीकडे येते. खरं तर आधी एक छोटी झाली, मोठी तिच्याच पोटातून निघाली. एका मे महिन्यात मातीची एक पिशवी गच्चीवरच राहून गेली. आठवडाभराच्या उन्हात माती पार कोरडी ठणठणीत झाली. आठवण आली तशी मी ती खाली आणली, बरणीत घातली, पाणी शिंपडलं आणि झाकण लावलं. सकाळी बघते तर गुलाबी रंग सगळाच्या सगळा गायब. इतका श्वास आमच्या एकाही मातीने तोवर सोडला नव्हता. मी अहवालावर ‘उत्कृष्ट’ लिहिलं आणि ऐटीत साहेबांपुढे ठेवला. साहेब हसायला लागले. कोरड्या मातीत अर्धे जीव मेलेले असतात, उरलेले उपाशी झोपलेले. एकदम पाणी मिळालं की उरलेले उठतात आणि मेलेल्यांवरच ताव मारतात. दोन दिवस नुसता दंगा. तो दंगा मी तब्येत समजून लिहिला होता. तो अहवाल फाडला, पण गोष्ट साऱ्या प्रयोगशाळेत पसरली. पुढे महिनाभर चहा ओतताना शिपाईसुद्धा ‘उत्कृष्ट’ म्हणायचा.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मी दारावर मोठ्या अक्षरात पाटीच लावली. श्वासाच्या तपासणीसाठी माती वाळवून आणू नये. आणाल तशीच तपासली जाईल. त्या पाटीचा मला फार अभिमान होता. कुणी सुकलेली माती आणली की मी त्याला असं झापायची की तो माणूस पुढच्या वेळी ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा. साहेबांनी दिलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, माती आधी वाफशावर आणा, दोन-चार दिवस तशी ठेवा आणि मगच बरणीत घाला. कोरड्या मातीला किती पाणी घालायचं ते मला पाठ होतं. माती गरजेपेक्षा ओली असली तर काय करायचं, ते पान मी उलटलंच नव्हतं. चिखल घेऊन तपासणीला कोण येणार, असं वाटायचं.

नाथुकाका आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर, डोक्याला पांढरं फडकं आणि हातात प्लास्टिकची गच्च बांधलेली पिशवी. कामरेजच्या पुढे एका गावात त्यांची चार विघे उसाची जमीन होती, अगदी कालव्याला लागून. ऊस तीन वर्षं पिवळा पडत होता. युरिया घातला तरी पिवळा, दुप्पट घातला तरी पिवळा. त्यांचा थोरला मुलगा रमेशभाई कंटाळला होता. हायवेच्या बाजूला गोदामं उभी राहत होती आणि कुणीतरी जमीन मागत होतं. घरात वाद होऊन शेवटी असं ठरलं, की जमिनीत जीव उरला असेल तर ठेवायची, मेली असेल तर काकांनी सही करायची. ही अट काकांनीच घातली होती. वडिलांनी आणि आजोबांनी कसलेली जमीन होती, जिवंतपणी विकायला त्यांचा हात धजत नव्हता.

हे सगळं त्यांनी मला बाकावर बसून शांतपणे सांगितलं आणि पिशवी पुढे केली. म्हणाले, ‘‘बेन, एटलुं ज कहो. जीव छे के नथी?’’ जमिनीत जीव आहे की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

मी पिशवी उघडली. आत काळपट निळसर चिखल आणि सडक्या अंड्याचा वास. मी नाक दाबलं आणि माझ्या पाटीप्रमाणे, आणला तसा तो चिखल बरणीत घातला. दुसऱ्या दिवशी वाटीतलं पाणी जवळजवळ होतं तसं गुलाबी. मी अहवालात लिहिलं, जैविक क्रिया अत्यल्प. खाली सही केली. काका अहवाल न्यायला आले. त्यांना ते शब्द वाचता येईनात, म्हणून त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. तेव्हा मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की काका, खास काही उरलेलं नाही. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. प्यायला पाणी मागितलं. पेला विसळून जागेवर ठेवला, मला हात जोडले आणि गेले. त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण ते डॉक्टरला वाटतं तसं. आपलं निदान बरोबर आहे असं धरूनच.

उरलेली माती पंधरा दिवस जपून ठेवायची, असा आमचा नियम. त्या पिशवीच्या वासाने डोकं उठायला लागलं म्हणून मी ती तोंड उघडून मागच्या खिडकीत ठेवली होती. पाच-सहा दिवसांनी कपाट आवरताना ती दिसली. टाकून द्यावी म्हणून उचलली आणि आधी नाक दाबलं. मग जरा वेळाने हात काढला. सडका वास नव्हता. ओल्या पाल्याचा, गोठ्यामागच्या उकिरड्याचा असतो तसा चांगला वास होता. हात घातला तर माती मोकळी झालेली. मुठीत दाबली, गोळा झाला. बोट लावलं, गोळा फुटला. फुटलेल्या ढेकळात पांढरे, केसासारखे बुरशीचे धागे होते.

मी कुणाला काही न बोलता ती माती बरणीत घातली. सकाळी सगळ्यांच्या आधी पोहोचले. वाटीतलं पाणी पांढरंफटक. तीच माती, तीच बरणी, मीच. मधे फक्त पाणी उतरलं होतं आणि हवा आत गेली होती.

साहेब आल्या आल्या मी दोन्ही आकडे त्यांच्यापुढे ठेवले. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘सुमनबेन, आपण माणसाचं डोकं पाण्यात धरलं आणि विचारलं, श्वास का घेत नाहीस?’’ त्यांनी ‘आपण’ म्हटलं हा त्यांचा मोठेपणा. डोकं मी धरलं होतं. ते म्हणाले, सुधारित अहवाल टपालाने पाठवू. पण काकांनी जाताना एक गोष्ट सांगितली होती. विक्रीच्या कराराला इकडे बानाखत म्हणतात, ते येत्या सोमवारी होतं. त्या दिवशी शनिवार होता. टपालाचा कागद पोहोचेपर्यंत त्या जमिनीवर पत्र्याची शेड उभी राहिली असती. अहवालावर गावाचं नाव होतं, फोन नंबर नव्हता. मी ठरवलं, आपण जायचं. घरी मायला सांगितलं तर ती म्हणाली, चूक कागदावर करशी नि माफी बी कागदावर मागशी का? मी जाणारच होते, पण तिने म्हटल्यावर जास्त धीर आला.

रविवारी सकाळी शटल रिक्षाने कडोदरा, तिथून कामरेज, तिथून दुसरी रिक्षा. डब्यात भाकरीऐवजी खिडकीतली माती. काकांचं घर सापडलं. ओसरीवर रमेशभाई बसले होते. मी कोण ते सांगितलं आणि सरळ म्हटलं की माझी चूक झाली, तुमची जमीन मेलेली नाही. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कितीतरी महिने बापाशी वाद घालून एकदाची गाडी रुळावर आलेली आणि ही कोण कडोदऱ्याची बाई डबा घेऊन उपटली. म्हणाले, ‘‘काले मरेली, आजे जीवती. अमे कोनुं मानीए?’’ काल मेली होती, आज जिवंत झाली, आम्ही खरं कुणाचं धरायचं? प्रश्न रास्त होता. मी डब्यातली माती दाखवली, तर म्हणाले, ही तर तुम्ही आणलेली, आमची कशावरून? तेही रास्तच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नाथुकाका आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते मला घेऊन शेतात गेले, रमेशभाईही मागून आले. शेतात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. कालवा शेजारी, पाणी फुकट आणि पाळी आपलीच, त्यामुळे वर्षानुवर्षं पाणी नुसतं सोडून दिलेलं. मधला ऊस हळदीसारखा पिवळा. पण बांधाच्या कडेला, जिथे जमीन हातभर उंच होती, तिथली एक ओळ हिरवीगार उभी होती. काका म्हणाले, ही ओळ मी तीन वर्षं बघतोय, पण घरात माझं कुणी ऐकत नाही. मी म्हटलं, काका, ही ओळ तुम्ही मला त्या दिवशीच सांगायची होतीत. ते म्हणाले, तुम्ही जीव आहे का एवढंच बघता, मला वाटलं तुमच्या यंत्राला सगळं कळत असेल.

तिथेच उपाय सुचला. मी काकांना सांगितलं, रमेशभाईंच्या देखत शेताच्या मधोमधची माती खणा. टोपलीत पसरून ओसरीच्या सावलीत ठेवा आणि रोज हाताने उलथी करा. वराप आली की थांबा. मग तीन बरण्या घ्या. एकीत टोपलीतली माती, दुसरीत त्याच जागेचा ताजा चिखल आणि तिसरी रिकामी, नाहीतर उद्या कुणी म्हणेल की सगळा खेळ हवेचाच आहे. तिन्हींत चुन्याच्या निवळीची एकेक वाटी. पानाचा चुना पाण्यात कालवून ठेवला की वर जे स्वच्छ पाणी येतं ती निवळी. शाळेत आपण नळीने तिच्यात फुंकर मारायचो आणि ती दुधासारखी व्हायची, आठवत असेल. माझं गुलाबी पाणी त्यांनी मानलं नसतं, पण चुना त्यांच्याच डबीतला होता. रमेशभाई म्हणाले, आठ दिवस सोमवार थांबणार आहे का? काकांनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, की सही माझी आहे, ती आठ दिवसांनी होईल. मी बापलेकांच्या मधून निघाले आणि परत येताना वाटभर डब्यातल्या मातीचा वास घेत बसले.

तो आठवडा मला चांगला आठवतो, कारण मी एकही काम धड केलं नाही. समजा, काकांनी माती फार सुकवली तर? समजा, चुना जुना निघाला तर? माझ्या एका कागदाने तो म्हातारा सही करायला बसला होता आणि आता माझ्या दुसऱ्या शब्दावर तो घरात एकटा पडला असणार. बरणीने दगा दिला असता तर रमेशभाईंनी मला दारातही उभं केलं नसतं, पण काकांना त्याच घरात राहायचं होतं.

पुढच्या रविवारी गेले. बरण्या काकांनी आदल्या दिवशी सकाळी लावल्या होत्या, त्याही कुठे, तर देवाच्या गोखल्यात, भिंतीतल्या कोनाड्यात. शेजारी दिवा. मी म्हटलं, काका, दिव्याने निवळी गरम होईल. तर म्हणाले, घरात लहान मुलं हात लावतात, इथे कुणी लावत नाही. मी एकेक बरणी खाली काढली. रिकाम्या बरणीतली निवळी जवळपास स्वच्छ. चिखलाच्या बरणीत वर अगदी पातळ पापुद्रा. टोपलीतल्या मातीच्या बरणीत तापवून ठेवलेल्या दुधावर येते तशी जाड पांढरी साय. मी वाटी रमेशभाईंच्या हातात दिली. त्यांनी ती तिरकी करून बघितली, बोटाने साय बाजूला सारली. मग म्हणाले, ‘‘तो मारुं खातर गयुं क्यां?’’

मग माझं खत गेलं कुठे? हा शेतकऱ्याचा प्रश्न होता, विकणाऱ्याचा नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. मी त्यांना समजावलं. चिखलात हवा नसते, पण काही जिवाणू भारी हुशार असतात. मोकळी हवा मिळाली नाही की ते खतातल्या नत्राला चिकटलेला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेलं नत्र वायू होऊन वर उडून जातं. तुम्ही ओतलेला बराचसा युरिया आभाळात गेला आणि जो उरला तो उसाच्या गुदमरलेल्या मुळांना घेता आला नाही. तुमची जमीन उपाशी नव्हती, बुडालेली होती. काका आत गेले आणि माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन आले.

बानाखत झालं नाही. रमेशभाईंनी त्याच उन्हाळ्यात कालव्याच्या बाजूने खोल चर खणला, पाणी एकाआड एक सरीला द्यायला लागले आणि पाचट जाळायचं बंद करून सरीतच पसरायला लागले. पहिल्या वर्षी फारसा फरक नव्हता आणि त्यांनी मला फोन करून तसं ऐकवलंही. दुसऱ्या वर्षी ऊस हिरवा झाला. सगळा नाही, कालव्याकडचा कोपरा अजून रुसलेला आहे. पण हिरवा झाला.

माझ्याकडून मी दोन कामं केली. दारावरची पाटी स्वतः काढली. आणि साहेबांच्या मागे लागून अर्जात एक नवा रकाना घालायला लावला: माती आणताना कशी होती, कोरडी, वाफशावर की चिखल. आजही तिथे माती देणाऱ्याला तो रकाना भरावा लागतो. माझी बढती म्हणायची तर ती हीच. पहिल्या अहवालाची प्रत मात्र मी घरी आणली आणि कपाटात ठेवली. एखादा दिवस डोकं फार वर जायला लागलं की काढून बघायची. ‘अत्यल्प’ आणि खाली माझी वळणदार सही.

नाथुकाका त्यानंतर दर वर्षी ऊस तुटून गेला की यायचे. सुती फडक्यात बांधलेली मूठभर माती आणायचे. अहवाल त्यांना नको असायचा. तपासणी झाली की समोर बसायचे आणि तेच विचारायचे, जीव छे के नथी? मी म्हणायची, छे. आमच्या घरच्या भाषेत आम्ही ‘शे’ म्हणतो, फार लांब नाही. तेवढं ऐकून उठायचे. एका वर्षी मी चिडवलं, काका, आता तर तुम्हालाच हाताला कळतं, मग एवढं यायचं कशाला? म्हणाले, तुमच्या तोंडून एकदा ‘नाही’ ऐकलंय, म्हणून दर वर्षी ‘हो’ ऐकायला येतो.

मी निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली. मायही आता नाही. बमरोलीच्या घरात मी आणि कुंड्या, आणि शेजारणींच्या फुकटच्या सल्ल्याला येणाऱ्या कुंड्या. दिवस चांगले जातात. यंदा होळीच्या आधी दारात रमेशभाई उभे राहिले. केस बरेच पांढरे झालेले. काका पावसाळ्यात गेले होते. प्रयोगशाळेत गेलो तर तुम्ही नाही म्हणाले, मग पत्ता काढत आलो, असं म्हणत त्यांनी खिशातून पुरचुंडी काढली. सुती फडकं, वर उसाचं ओलं पान गुंडाळलेलं, ऊन लागू नये म्हणून. मी एके काळी लोकांना ज्यावरून झापायची ते सगळं या माणसाने न सांगता केलं होतं. मी म्हटलं, रमेशभाई, आता माझ्याकडे प्रयोगशाळा कुठली? ते म्हणाले, बापूजी सांगून गेलेत, माती बेनला दाखवायची, चुकवायची नाही. चहा प्यायले आणि गेले.

मी मुठीत दाबून बघितली. गोळा झाला, बोट लावल्यावर फुटला. उत्तर तिथेच मिळालं होतं. पण काका उत्तर बरणीतूनच घ्यायचे. लोणच्याची बरणी घासूनपुसून कोरडी केली. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना आणला, निवळी केली, बरणीत माती घालून शेजारी निवळीची वाटी ठेवली, झाकण लावलं. बरणी ठेवायला जागा शोधत होते, तर हात आपसूक देव्हाऱ्याकडे गेला. दिवा मात्र लांब सरकवला.

सकाळी उठून आधी बरणी बघितली, मग तोंड धुतलं. वाटीवर साय होती. रमेशभाईंना फोन लावला. मागे पंपाचा आवाज येत होता, ते शेतातच होते. त्यांनी नमस्कार केला नाही, मी कशी आहे ते विचारलं नाही. बापासारखाच एकच प्रश्न विचारला, जीव छे के नथी?

मी म्हटलं, ‘‘छे.’’

त्यांनी कुणालातरी हाक मारून सांगितलं, वराप मोडायला नको, पंप बंद कर.